तिसरी फेरी

अकरा संघ आले. विषम आकडा.
म्हणजे दर फेरीला कुणीतरी तिघं
भिंतीशी बसून एम्पनाडा खाणार आणि फुकटचे गुण घेणार.
मागच्या वर्षी यावरूनच जुंपली होती,
म्हणून यंदा चिठ्ठ्या टाकल्या, सगळ्यांदेखत,
येर्कोच्या लोकरी टोपीत.

पुएर्तो नातालेसमध्ये हॉल मिळवणं सोपं नाही.
शाळेची व्यायामशाळा रंगवायला काढलेली.
चर्चमध्ये पाद्रीबाबांनी विचारलं,
"पत्त्यांवर सैतान असतात का?"
म्हटलं, "असतात, पण महाग पडतात, कुणी खेळत नाही."
तिथेही नाही मिळाला.
शेवटी दिला अग्निशामकांच्या दुसऱ्या तुकडीने,
बंब उभा असतो त्याच्या बाजूचाच, एका अटीवर:
भोंगा वाजला की वाटेतली टेबलं आधी हलवायची.

इथे आग विझवण्याचा पगार नसतो कुणाला.
नीबाल्दो दिवसा मासे गोठवतो,
दान्का भूगोल शिकवते,
आणि तिच्या वर्गातल्या एलियेसेरला मध्ये बसवून
दोघं खेळतात. संघाचं नाव: तीन ओल्या मेंढ्या.

नियम मीच लिहिले, माझ्याच दुकानात झेरॉक्स काढले.
संघातल्यांनी एकमेकांच्या कानात बोलायला हरकत नाही.
दुसऱ्याच्या पानांना हात लावायचा नाही.
दहा मिनिटं खुर्ची रिकामी राहिली, तर तो डाव गेला.
हा शेवटचा ठळक अक्षरात,
कारण येर्को सिगारेट ओढायला जातो तो जातोच.

तिसऱ्या फेरीला, चार वाजून वीस मिनिटांनी,
भोंगा.

नीबाल्दो उठला तेव्हा त्याच्या हातात सात पानं होती.
ती त्याने पालथी ठेवली, अगदी सरळ रेषेत,
आणि मग धावला.
दान्काने तेवढंही केलं नाही, नुसतीच टाकली.
आम्ही टेबलं ओढली, बंब निघाला,
उघड्या दारातून वारा आत घुसला
आणि कुणाचातरी दलदलीचा राक्षस
थेट रस्त्यापलीकडे उडाला.
तो शोधायला सहा जण गेले. सापडला, थोडा ओला.

मी घड्याळाकडे बघत होते. नऊ मिनिटं.
समोरचा संघ पुंता आरेनासचा,
तीन तास गाडी चालवून आलेला, रात्रीच परत जाणारा.
ठळक अक्षरं त्यांनाही वाचता येत होती.
लुदमिलाने आपली पानं पालथी केली,
दान्काची विखुरलेली पानं न बघता, चमच्याने ढकलत
एकत्र आणली, वर चमचा ठेवला,
आणि म्हणाली, "माते करतंय का कुणी?"

मी घड्याळ बंद केलं.
आयोजकाला एवढंच जमतं कधी कधी.

एलियेसेर मात्र खेळत राहिला,
दोन्ही बाजूंना एकेक रिकामी खुर्ची.
प्रत्येक पान टाकायच्या आधी तो उजवीकडे किंचित कलायचा,
कान पुढे करायचा, मग आठवून सरळ व्हायचा.
जिंकला की हरला, आठवत नाही.
मी दारात होते, धूर कुठून येतो ते बघत.

एक तास चाळीस मिनिटं.
कुणाच्यातरी लाकडाच्या शेडचं छप्पर. माणूस कुणी नव्हता.
बूट न काढताच दोघं येऊन बसली,
टेबलभर जळक्या लाकडाचा वास.
दान्काने चमचा बाजूला केला, पानं उचलली,
बराच वेळ बघत राहिली, जणू कुणा दुसऱ्याचं पत्र.
"खेळी कुणाची होती?"

"तुझी," लुदमिला म्हणाली.

माझ्या वहीत नोंद होती, वेळेसकट:
खेळी लुदमिलाची.
मी वहीवर किटली ठेवली.

अंतिम फेरी झालीच नाही. नऊला हॉल धुवून द्यायचा होता.
बक्षिसाची पाकिटं सगळ्यांनी मिळून फोडली,
आणि त्या वहीच्या पानावर
अजून काळं, गोल वर्तुळ आहे.